शाळेचा तोटा मॅडमच्या घरातून का भरायचा?

शिक्षकांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्याकडे वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक जण म्हणतो, झेडपीच्या मास्तरांना सत्तर-ऐंशी हजार मिळतात, उन्हाळ्याची सुट्टी वेगळी, वर पेन्शन पाहिजे. दुसरा म्हणतो, शिक्षक म्हणजे गुरू, त्याला पैशात मोजू नका. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला तेव्हा नाशिकमध्ये चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत हेच चाललं होतं आणि आजही दर दोन-तीन महिन्यांनी हेच चालतं. पण ही दोन माणसं ज्या शिक्षकाबद्दल भांडतात तो एक नाहीच मुळी. चौथीचा वर्ग घ्या. कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचा सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचा बेसिक 29,200, वर महागाई भत्ता, घरभाडं. शेजारच्याच वर्गात नवा शिक्षण सेवक असेल तर त्याला तीन वर्षं 16,000. पलीकडच्या रस्त्यावर एखादी छोटी इंग्लिश मिडियम शाळा असेल तर तिथल्या मॅडमना आठ-दहा हजार, तेही मे महिन्यात मिळतील की नाही याची खात्री नाही. मुलं त्याच वयाची, गुणाकार-भागाकारही तोच. मग "शिक्षकांचा पगार जास्त आहे का कमी" या प्रश्नाला उत्तर कसं येणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणी चांगलं शिकवतं का वाईट, कोणाला बढती द्यावी, कोणाला काढावं, ही सगळी चर्चा जरूर करा, पण ती नंतरची. त्याआधी एक जमीन पाहिजे, की पूर्ण वेळ शिकवणाऱ्या कोणालाही, शाळा सरकारी असो, अनुदानित असो, विनाअनुदानित असो नाहीतर अंगणवाडी असो, त्या गावात घर चालेल इतक्यापेक्षा कमी पैसे देताच येणार नाहीत. ते देता येत नसतील तर ती शाळा प्रत्यक्षात तोट्यात चाललीय आणि तो तोटा शिक्षकाच्या घरचे भरतायत, नवरा भरतोय, म्हातारे आईवडील भरतायत. आपण त्याला शिक्षणसेवा म्हणतो म्हणून तो दिसत नाही एवढंच.

घर चालणं म्हणजे किती, हे हवेत सोडायची गरज नाही, देशाने हे गणित फार पूर्वी घालून ठेवलंय. राज्यघटनेच्या कलम 43 मध्ये निर्वाह वेतनाचा उल्लेख आहे. 1948 साली नेमलेल्या समितीने किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या केल्या आणि निर्वाह वेतनात नुसतं पोट नाही तर मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपणाची सोय हे सगळं धरलं. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी तीन माणसांचा खाण्याचा खर्च, वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण-दिवाबत्ती असे निकष ठरवले, पुढे 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार यासाठी अजून 25 टक्के धरा म्हणून सांगितलं. याच पद्धतीने केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने 2016 पासून सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्यासाठी आकडा काढला, 18,000. आता बघा, त्याच 2016 मध्ये महाराष्ट्रात प्राथमिकचा शिक्षण सेवक 6,000 वर काम करत होता. माध्यमिकचा 8,000, कनिष्ठ महाविद्यालयाचा 9,000. डीएड-बीएड झालेला, टीईटी पास झालेला माणूस, आणि सरकारनेच शिपायासाठी काढलेल्या किमान आकड्याच्या एक तृतीयांशावर! हे 6,000 चे 16,000 झाले 2023 मध्ये, तेव्हा लोकांनी पेढे वाटले आणि ते मी समजू शकतो, पण तोपर्यंत ते 18,000 महागाई भत्ता धरून 25 हजारांच्या आसपास गेले होते.

नाशिकचं साधं गणित करू. सिडकोत किंवा पंचवटीत वन आरके सहा-सात हजारांना, किराणा-दूध-भाजी दहा हजार, गॅस, लाईट, मोबाईल मिळून दोन-अडीच, दोन मुलांची शाळा, वह्या, रिक्षा चार-पाच, पेट्रोल दोन, औषधपाणी दीड. काटकसरीने साडेपंचवीस ते अठ्ठावीस हजार होतात आणि यात लग्नकार्य नाही, गावी पाठवायचे पैसे नाहीत, बचत नाही. आता यात आठ हजार बसवून दाखवा. अंबडच्या कंपनीत कंत्राटी हेल्परला याच्यापेक्षा जास्त मिळतात. तेही पुरेसे नाहीतच, पण निदान त्याच्या डोक्यावर किमान वेतनाचा कायदा तरी आहे. शिक्षकाच्या डोक्यावर तोही नक्की नाही, हे किती लोकांना माहितीय? 1996 मध्ये हरियाणातल्या विनामान्यता शाळांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 1948 चा किमान वेतन कायदा शिक्षकांना लागू होत नाही, कारण त्या कायद्यातल्या अंगमेहनतीच्या किंवा कारकुनी कामात शिकवणं बसत नाही. त्याआधी 1988 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातूनही शिक्षक असाच बाहेर राहिला होता. ग्रॅच्युइटीचंही 2004 मध्ये तेच झालं, तिथे मात्र संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त करून शिक्षकांना आत घेतलं, म्हणजे मनात असलं की करता येतं. 2019 च्या वेतन संहितेत कर्मचाऱ्याची व्याख्या चांगली लांबलचक केलीय, व्यवस्थापन, प्रशासन, देखरेख सगळं आलंय, शिकवणं तेवढं नावाने आलेलं नाही. म्हणजे शाळेचा वॉचमन किमान वेतन हक्काने मागू शकतो, पण वर्गात उभ्या असलेल्या मॅडमचा हक्क कायद्यात स्पष्ट नाही. कामाचा मान इतका वर नेऊन ठेवला की खालची जमीनच काढून घेतली.

यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात 1977 चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे ना, त्यात वेतनश्रेणी दिलीय, विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. बरोबर आहे. कागदावर आहे. त्याचं प्रत्यक्षात काय होतं हे संस्थांमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. काही ठिकाणी बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि पुढच्या आठवड्यात त्यातले निम्मे रोख परत द्यावे लागतात, सही मात्र पूर्ण पगारावर. काही ठिकाणी दरवर्षी एप्रिलमध्ये ऑर्डर संपते, जूनमध्ये नवी निघते, म्हणजे सर्व्हिस कधी मोजलीच जात नाही. आणि तक्रार करायची कोणाकडे, त्याच संस्थेकडे?

आता त्यागाच्या मुद्द्याकडे येतो, कारण हा सगळ्यात जास्त वापरला जातो आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा वापरला जातो. "टिळक-आगरकरांनी, गोखल्यांनी पगाराकडे बघितलं का?" असं विचारणारे भरपूर भेटतात. बघितलं की, नीट बघितलं. 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन, आणि तिथल्या आजीव सदस्यांचा करार काय होता तर महिना 75 रुपये आणि 20 वर्षं सेवा. गोखल्यांनी याच अटीवर आयुष्याची उमेदीची वर्षं दिली. त्यांना सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट मिळाले असते म्हणून तो त्याग, यात शंकाच नाही. पण 75 रुपये म्हणजे त्या काळात किती? दोनच वर्षं आधी, 1882 मध्ये, महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात त्यांनी मागितलं होतं की प्राथमिक शिक्षकाचा पगार 12 रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत 15 ते 20 असावा. म्हणजे फर्ग्युसनचा त्याग हा गावातल्या मास्तरसाठी फुले जे किमान मागत होते त्याच्या सहापट उंचीवर उभा होता. वरचं सोडलं त्यांनी, पोटाला लागतं ते सोडलं नव्हतं. शिवाय संस्था त्यांचीच होती, आजीव सदस्य मिळून कारभार करत होते, ठराव त्यांचे, मत त्यांचं. आजच्या विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला संस्थेच्या मीटिंगमध्ये खुर्ची तरी मिळते का? आणि एवढं करूनसुद्धा ते टिकलं किती, तर 1890 मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले आणि त्या भांडणातला एक मोठा मुद्दा हाच होता की सदस्यांनी बाहेरून कमाई करावी का नाही. इतकी मोठी, इतकी ध्येयवेडी माणसं, आणि सहा वर्षांत पैशाचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. मग आठ हजारवाल्या माणसाने तो दारात येऊ देऊ नये ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

फुल्यांच्या त्या निवेदनात अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. ज्या शिक्षकाची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा, असंही त्यांनी सुचवलं होतं. पगाराशिवाय! पगार कमी करून नव्हे, आधी बारा रुपये हातात, मग चांगल्या कामाचं वरून. 1882 मध्ये इतकं स्वच्छ मांडलेलं आपण आज गुंतवून ठेवलंय.

विरोधी बाजूचे मुद्दे कच्चे आहेत असं मी म्हणणार नाही. सगळ्यात भक्कम मुद्दा अभ्यासकांचा आहे. इंडोनेशियाने 2005 च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा पगार जवळजवळ दुप्पट केला आणि नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेशात कंत्राटी शिक्षकांचा अभ्यास झाला, त्यांना कायम शिक्षकाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका पगार होता तरी त्यांच्या वर्गातली मुलं मागे पडली नाहीत. म्हणजे पैसे वाढवून शिकवणं सुधारत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून "मग कमीच द्या" हे कसं निघतं? इंडोनेशियाच्या त्याच अभ्यासात हेही दिसलं की शिक्षकांच्या जोडनोकऱ्या कमी झाल्या, पैशाची विवंचना कमी झाली. आणि ते आधीच कायम नोकरीतले लोक होते, उपाशी राहणारे नव्हते. आंध्रचा कंत्राटी शिक्षक पाचव्या हिश्श्यात तितकंच काम करतो याचा अर्थ त्याचं काम पाचव्या हिश्श्याचं आहे असा होत नाही, उलट चार हिस्से कोणीतरी त्याच्याकडून फुकट घेतंय असा होतो. तो तरुण आहे, गावातलाच आहे, उद्या कायम होईन या आशेवर आहे. महाराष्ट्रात ही आशा काय करते ते आपण बघितलंय. 2001 मध्ये 'कायम विनाअनुदानित' धोरण आलं, म्हणजे नव्या शाळांना सरकारी अनुदान कधीच नाही, 2009 मध्ये त्यातला 'कायम' काढला, 2016 ला 20 टक्के अनुदान सुरू झालं, मग पुढचे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदान. पंचविशीत लागलेली माणसं चाळिशी ओलांडून गेली.

पगारदार कायम शिक्षकांबद्दलचा रागही मी समजतो. सत्तर हजार घेऊन वर्गात मन नसलेले, जमिनीचे व्यवहार आणि विमा पॉलिसीत रमलेले मास्तर आहेत, मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, न राहता घरभाडं उचलणारे आहेत, त्यांचा प्रश्न विधानसभेत निघाला तेव्हा संघटनांनी त्याला नीट उत्तर दिलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ही हजेरीची आणि तपासणीची बाब आहे, तिथे कडक व्हा. पण सुरगाण्याच्या वस्तीशाळेत कोणी दांडी मारतो म्हणून सातपूरच्या मॅडमना आठ हजार, हा कुठला हिशोब? बरं, सरकारने तरी काय केलं, तर कायम शिक्षकाच्या जबाबदारीचा प्रश्न सोडवण्याऐवजी कायम शिक्षक नेमणंच कमी केलं. शिक्षण सेवक, तासिका, रोजंदारी, आता बाह्यस्रोत. 2025 च्या पावसात आश्रमशाळांमधले रोजंदारीवरचे शिक्षक आणि कर्मचारी इथेच आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते, कारण वर्षानुवर्षं ज्या जागांवर काम केलं त्याच जागा एजन्सीमार्फत भरायचं ठरलं. पेठ, त्र्यंबक, सुरगाण्याच्या ज्या मुलांच्या घरी पुस्तक वाचून दाखवणारं कोणी नाही त्यांना सगळ्यात टिकाऊ शिक्षक पाहिजे, आणि त्यांच्याच वाट्याला सगळ्यात कच्च्या ऑर्डरचा शिक्षक.

मग बाजाराचा मुद्दा. "आठ हजारात माणसं मिळतात ना, मग जास्त का द्यायचे?" मिळतात हे खरं, पण का मिळतात? मधल्या काळात डीएड कॉलेजं खिरापतीसारखी वाटली, लाखो पोरं शिकून बाहेर पडली, आणि 2012 मध्ये भरतीवर बंदी आली ती पुढे कित्येक वर्षं राहिली. एकीकडे पुरवठा सरकारने वाढवला, दुसरीकडे मागणी सरकारनेच गोठवली, आणि मग जो भाव पडला त्याला बाजारभाव म्हणायचं? कांद्याची निर्यातबंदी झाल्यावर लासलगावला जो भाव निघतो त्याला नाशिकचा शेतकरी बाजारभाव म्हणत नाही, तो कोणी पाडला हे त्याला चांगलं माहीत असतं.

दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही. छोट्या इंग्लिश मिडियम शाळांमध्ये बहुतेक शिक्षक बायका आहेत आणि इंटरव्ह्यूला अजूनही विचारतात, मिस्टर काय करतात? मिस्टर कंपनीत आहेत म्हटलं की आठ हजार पुरेसे ठरतात. म्हणजे शाळेला लागणारा पगार नवऱ्याची कंपनी देते, शाळा वरचे पैसे देते. नवऱ्याचं कंत्राट संपलं की? नवराच नसला की? एकट्या बाईने या व्यवसायात यायचंच नाही का? लॉकडाऊनमध्ये फी थांबली तसे पगार निम्मे झाले, काही ठिकाणी बंदच झाले, तेव्हा हा सगळा डोलारा कोणाच्या जिवावर उभा होता ते दिसलं होतं, पण शाळा उघडल्या आणि आपण विसरलो. अंगणवाडीचं तर मूळच असं. 2 ऑक्टोबर 1975 ला योजना सुरू झाली तेव्हापासून सेविका 'मानसेवी', म्हणजे मानधनावरच्या, कर्मचारी नाहीच. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला यावं लागलं, आणि 2023 च्या डिसेंबरात आपल्याकडे त्या संपावर गेल्या त्या पन्नासहून जास्त दिवस.

आणि जोडधंदा करावा म्हटलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. तत्त्व म्हणून मला हे कलम पूर्ण पटतं, वर्गात अर्धवट शिकवून उरलेलं घरी विकणं वाईटच. पण कलम 23 मध्ये शिक्षकाचा पगार ठरवून द्यायची जबाबदारीही आहे, ती सोडायची आणि 28 तेवढं धरायचं हे कसं चालेल? शेवटी काय होतं, मॅडम दुपारी घरी येऊन बिल्डिंगमधल्या पोरांच्या ट्यूशन घेतात, रात्री दहाला वह्या तपासतात, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांसमोर उभ्या राहतात. त्यांचा आवाज बसलेला असतो, हे आपली मुलं घरी येऊन सांगतात.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा, आणि हा मी टाळणार नाही, कारण छोट्या शाळा चालवणारे सगळे लुटारू नाहीत. वर्षाला 18,000 फी, वर्गात तीस मुलं धरा. वर्गामागे वर्षाला 5 लाख 40 हजार. पंचवीस हजार पगार म्हटला तर एका शिक्षकाचे 3 लाख. वर्गामागे सव्वा-दीड शिक्षक लागतो तरी चार-साडेचार लाखांत भागतं, उरलेल्यात भाडं आणि बाकीचं ओढाताणीने बसतं, संस्थाचालकाचा बंगला बसत नाही. फी दहा हजार असेल तर मात्र गणित बसतच नाही, हे मान्य. शिवाय आरटीईच्या 25 टक्के मुलांचे सरकार मुलामागे 17,670 देतं आणि तेही वेळेवर देत नाही, संस्थांची ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. मग भांडण सरकारशी करा ना, तोपर्यंत उधारी शिक्षकाच्या नावावर का लिहायची? ज्या वस्तीत आईबाप दहा हजारांच्या वर देऊ शकत नाहीत तिथे चांगली महापालिकेची शाळा हे उत्तर आहे, स्वस्तातली मॅडम हे नाही. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं आणि सरकारी, स्थानिक संस्थांच्या, खासगी अशा सगळ्या शाळांतल्या शिक्षकांना सारखं वेतन द्या म्हटलं. 2020 च्या नव्या धोरणातही 6 टक्केच लिहिलंय. मधली चोपन्न वर्षं तिथे पोचलोच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी प्राध्यापकांच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सुनावलं की कार्यक्रमात गुरुर्ब्रह्मा म्हणत राहणं पुरेसं नाही. पण कोर्टात जायला पैसे आणि दहा वर्षं लागतात. आपण पालक मात्र याच जूनमध्ये एक गोष्ट करू शकतो. 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती मंजूर करते, त्या समितीत पालक सोडतीने निवडले जातात, आणि फी ठरवताना शिक्षकांची पात्रता आणि त्यांचे पगार हे बघायचे घटक म्हणून कायद्यातच लिहिलेत. आपण फी किती वाढली यावर दोन तास भांडतो, पण त्यातले वर्गशिक्षिकेच्या हातात किती पडले हे कधी विचारत नाही. विचारा. वेतनपत्रक मागा, बँकेत जमा झालेली रक्कम मागा, मे महिन्याचा पगार झाला का विचारा, आणि उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या. संस्थाचालक चिडतील, काही पालक म्हणतील आपल्याला काय करायचंय. आपल्या मुलाला दिवसातले सहा तास कोण सांभाळतं आणि त्या माणसाचं घर कोण चालवतं, हे आपल्याला करायचंय.